हेडलाईटचा उजेड पुरंना झालाय, घरीच काय करता येईल? (जांबोटी रोड, रात्रीचं ड्रायव्हिंग)

किणये_जांबोटी:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये आहे, सेकंड शिफ्ट सुटून बाहेर पडेपर्यंत पावणेबारा होतात, तिथनं पिरनवाडी, किणये करत जांबोटीच्या अलीकडं आमचं गाव. किणयेपर्यंत ठीक आहे, घरांचे दुकानांचे लाईट असतात, त्याच्या पुढं मात्र नुसती झाडी आणि अंधार. गाडी बारा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नाव लिहिलं की सगळे त्याच्यावरच बोलत बसतात आणि प्रश्न राहतो बाजूला. बल्ब एच४ आहे, म्हणजे लो आणि हाय बीम एकाच बल्बमध्ये, हेडलाईटची काच फायबरची आणि ती आता पिवळट धुरकट झालीय.

त्रास असा की लो बीमला पुढचं नीट दिसतच नाही. गेल्या आठवड्यात रात्री बाराला गवा रस्त्याच्या मधोमध उभा, काळं जनावर, काळा डांबरी रस्ता, वरनं पाऊस, मला तो दिसला तेव्हा मधे जेमतेम दोन गाड्यांचं अंतर उरलेलं. ब्रेक लागला म्हणून वाचलो. तो आपला सावकाश उतरून झाडीत गेला, मी पाच मिनिटं स्टेअरिंग धरून तिथंच बसून होतो. मागं गावातले दोघं झोपलेले, त्यांना कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

मित्र म्हणतोय सहा हजार केल्विनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा एलईडी घाल, जुना काढायचा नवा लावायचा, पंधरा मिनिटांचं काम. दुसरा म्हणतोय १००/९० चा, म्हणजे हाय बीमला १०० आणि लो ला ९० वॅटचा बल्ब घाल. तिसरा म्हणतोय बंपरवर दोन फॉग लाईट ठोक. माझं बजेट चार हजाराच्या आत. सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर कामावरनं आणू शकतो, रविवार मोकळा आहे. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, दुकानदार सांगतात ते ऐकून झालंय.

वायरमन_पीबीरोड:
भावा आधी गव्यातनं वाचलास ते बरं झालं. आता माझं ऐक, तेवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करालोय पी.बी. रोडला, अजून काहीही विकत घेऊ नको.

मल्टीमीटर आणतोस ना, मग हे कर. गाडी चालू ठेव, हेडलाईट लाव, बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघ, साडेतेरा ते चौदाच्या आसपास दिसायला पाहिजे. मग बल्बच्या मागं जो तीन पिनांचा कनेक्टर आहे तिथं बघ, पण बल्ब जोडलेला आणि पेटलेला असताना, कनेक्टर काढून बघितलास तर आकडा चांगलाच येणार, फसशील. कनेक्टरच्या मागनं वायरच्या कडेला मीटरची टोकं आत सरकवायची. दोन्ही बाजूंचं लिहून इथं टाक.

का म्हणून सांगतो. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा हेडलाईटचा सगळा करंट स्टेअरिंगखालच्या दांडीच्या स्विचमधनं फिरून येतो, वायर बारीक, बारा वर्षांत कनेक्टर काळे पडलेले, जाता जाता एक दोन व्होल्ट वाटेतच जिरतात. आणि हॅलोजन बल्बचं गणित सरळ नाही, व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो. बल्ब बिचारा ठीक असतो, त्याला जेवणच मिळत नाही. लोक मात्र बल्ब बदलत बसतात.

१००/९० चं मनातनं काढून टाक. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला दोन्ही मिळून बारा व्होल्टला १० अँपिअर. १०० वॅटचे दोन घातलेस की झाले साडेसोळा अँपिअर, त्याच बारीक वायरमधनं. वितळलेला कनेक्टर आणि आतून काळवंडलेला रिफ्लेक्टर घेऊन माझ्याकडं महिन्याला एकतरी गाडी येतेच. रिफ्लेक्टरचा चकाकी थर एकदा करपला की मग कुठलाही बल्ब घाल, उजेड येत नाही, पूर्ण हेडलाईट बदलावं लागतंय.

चिकोडी_२३:
मी एलईडी घातलाय दादा, वर्ष झालं, काय त्रास नाही. लई उजेड, संकेश्वरपर्यंत हायवेला तर दिवसासारखं दिसतंय. काका म्हणतात ते जुन्या काळचं आहे, एलईडीला करंटच कमी लागतो, वायरिंगचा प्रश्नच येत नाही. बिनधास्त घाल. फक्त मागं पंखा असतो त्यामुळं हेडलाईटच्या मागचं रबराचं झाकण, बूट म्हणतात तो, बसत नाही, मी तो काढूनच टाकलाय.

हलकर्णीच्या_टीचर:
चिकोडीवाले दादा, तुमच्यावर राग नाही, पण समोरून येणाऱ्याचं म्हणणंही ऐका.

मी शाळेसाठी चंदगडकडून बेळगावला स्वतः गाडी चालवत ये-जा करते, वेंगुर्ला रोड. थंडीत परतताना शिनोळीलाच अंधार पडतो. अलीकडे समोरून येणाऱ्या गाडीचे लाईट असे असतात की ती गाडी जाईपर्यंत मला रस्त्याची कडच दिसत नाही, आणि गेल्यावरही काही सेकंद डोळ्यापुढे निळा डाग राहतो. दोन वर्षांपूर्वी असंच झालं, समोर पांढरा झोत, मी अंदाजाने डावीकडे घेतलं आणि तिथे रस्त्याकडेने माणसं चालली होती, सौंदत्तीला यल्लम्माला निघालेली, डोक्यावर गाठोडी, बरोबर लहान मुलं. शेवटच्या बाईच्या पदराला माझा आरसा लागला. बाईला काही झालं नाही. पण मी त्या रात्री झोपले नाही आणि आजही तिथून जाताना हात घट्ट होतात. त्या गाडीवाल्याला काय, त्याला दिवसासारखं दिसत असेल.

म्हणून किणयेवाल्या दादांना विनंती, तुम्हाला दिसायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, जंगलातला रस्ता आहे. पण समोरच्याला आंधळं करून नको. आमचे रस्ते दुपदरी, मधे दुभाजक नाही, दोन्ही बाजूंनी माणसं, सायकली, जनावरं.

चिकोडी_२३:
मॅडम वाचून वाईट वाटलं. पण माझी लो बीमलाच असते हो, हाय मी कधी मारत नाही समोर गाडी असताना.

वायरमन_पीबीरोड:
चिकोडीवाल्या भावा, तोच तर मुद्दा आहे, तू लो वर असतोस पण तुझा लो हा लो राहिलेलाच नाही. नीट सांगतो, जरा मोठं होईल.

एच४ बल्ब हातात घेऊन बघ, आत दोन तारा असतात. लो बीमची जी तार आहे तिच्या खाली एक छोटी धातूची वाटी असते. त्या वाटीमुळं लो ला उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथनं खाली रस्त्यावर येतो. वरती समोरच्याच्या डोळ्यात जाणारा उजेड त्या वाटीनं अडवलेला असतो. सगळा रिफ्लेक्टर त्या केसाएवढ्या तारेची जागा धरून बनवलेला आहे, तार एक-दोन मिलिमीटर जरी सरकली तरी झोत फुटतो. एलईडीत तार नाहीच, पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या. स्वस्त मालात चिपची जागाही चुकलेली आणि वाटीही नावापुरती. मग उजेड भरपूर पडतो पण कुठंही पडतो, झाडाच्या शेंड्यावर, बोर्डावर, समोरच्याच्या तोंडावर. गाडीच्या पुढ्यात पाच-दहा मीटर लख्ख होतंय म्हणून आपल्याला वाटतं लई दिसालंय, पण जवळ लख्ख असलं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतंय.

तुझ्यासाठी एक काम आहे. भिंतीसमोर गाडी उभी कर, लो लाव, भिंतीवर वरच्या बाजूला सरळ कापल्यासारखी रेघ दिसते का बघ. आपण डावीकडनं चालवतो म्हणून उजव्या अर्ध्यात रेघ सपाट पाहिजे आणि डावीकडं थोडी वर चढलेली, रस्त्याची कड दिसावी म्हणून. आणि एलईडीच्या पट्टीचं तोंड कसं आहे तेही बघ, चिप डावी-उजवीकडं पाहिजेत, घड्याळात तीन आणि नऊ वाजतात तशा. वर-खाली बसलेल्या असल्या तर सगळंच बिघडलं. आणि बूट काढून टाकलास ते परत लाव नाहीतर पावसाचं पाणी आणि धूळ थेट रिफ्लेक्टरवर.

आणि हो, २०२४ च्या जुलैपासून कर्नाटकात पोलिसांनी डोळ्यात जाणाऱ्या लाईटवर केसेस घालायची मोहीम काढली होती. मला स्वतःला हायवेला एका गिऱ्हाईकाची गाडी ट्रायल मारताना अडवलं होतं, ‘लाईट एष्टु वॅट री?’, किती वॅटचा लाईट म्हणून बॉनेट उघडायला लावलं. बल्बच्या बुडावर ६०/५५ लिहिलेलं दाखवलं आणि सोडलं. गाडीच्या मूळ रचनेत बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

किणये_जांबोटी:
काका, मोजलं. बॅटरीला १३.९. बल्बच्या पिनवर डाव्या बाजूला ११.६, उजव्या बाजूला ११.९. म्हणजे डाव्या बाजूला सव्वादोन व्होल्ट कुठंतरी गेले! दोनदा मोजलं, खरं वाटंना म्हणून.

वायरमन_पीबीरोड:
सापडला की नाही चोर. तुझ्या आकड्यांवर हिशोब केला तर डाव्या बल्बचा उजेड पूर्ण व्होल्टेजला असायचा त्याच्या जवळजवळ निम्मा आहे. आणि तो निम्मा पिवळ्या काचेतनं बाहेर येतोय, म्हणजे रस्त्यापर्यंत किती पोचत असेल विचार कर. एलईडी घातला असतास तरी काच पिवळीच राहिली असती.

आता रिले वायरिंग कर. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. एच४ चं तयार किट मिळतं, दोन रिले, जाड वायर, सिरॅमिकचे होल्डर. घेताना वायर बघून घे, वरचं प्लास्टिक जाड आणि आत तांब्याच्या चार तारा असला माल पण बाजारात आहे, टोक सोलून बघ, अडीच स्क्वेअर एमएमची पाहिजे. काम असं की जुन्या कनेक्टरमधला करंट आता फक्त रिलेला इशारा द्यायला वापरायचा, आणि बल्बला थेट बॅटरीवरनं जाड वायरनं द्यायचं. रिलेवर आकडे असतात, ३० ला बॅटरीचा प्लस, ८७ बल्बकडं, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, तिथं जुन्या कनेक्टरची पिन येते. कंपनीची एकही वायर कापायची नाही, किटचा प्लग एका बाजूच्या जुन्या कनेक्टरमध्ये घुसतो, दुसऱ्या बाजूचा जुना कनेक्टर टेप मारून बांधून ठेवायचा.

काही गोष्टी पोरं विसरतात त्या सांगतो. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढ. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत पाहिजे, लांब ठेवलास आणि वाटेत वायर घासली तर फ्यूजचा उपयोग शून्य, आग लागते. एकाच फ्यूजवर सगळं टाकू नको, लो आणि हाय वेगळे ठेव, नाहीतर जांबोटीच्या जंगलात एक फ्यूज उडाला की दोन्ही डोळे गेले. अर्थिंग बॉडीला देतोस तिथला रंग खरवडून लख्ख पत्रा काढ, बोल्ट आवळ आणि वरनं ग्रीस लाव. रिले उलटा टांग, वायरी खाली येतील अशा, म्हणजे पाणी आत उतरत नाही.

आणि एक. काही गाड्यांत हेडलाईटचं स्विचिंग मायनसकडनं असतं, म्हणजे कनेक्टरच्या कॉमन पिनवर कायम प्लस आणि दांडीचा स्विच अर्थ तोडतो जोडतो. तुझी कशी आहे मीटरनं आधी बघून घे. तसं असेल तर रिलेच्या कॉइलचं दुसरं टोक बॉडीला न देता त्या कॉमन पिनलाच जोडायचं, नाहीतर रिले वाजणारच नाही आणि तू किट खराब म्हणून परत द्यायला जाशील.

बल्ब साधेच घे, चांगल्या कंपनीचे ६०/५५ वॅट. जास्त उजेडाचे म्हणून जे ६०/५५ मध्येच येतात तेही चांगले असतात पण त्यांचं आयुष्य कमी, तू रोज चालवणारा, तुला परवडणार नाहीत. बसवताना काचेला बोट लावू नको, बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तिथंच काच जाते. लागलंच तर स्पिरिटनं पूस.

निपाणी_डेंटिंगवाला:
काचेचं मी सांगतो, रोजचं काम आहे आमचं. टूथपेस्टचा नाद करू नका, दोन आठवडे बरं दिसतंय आणि परत पहिल्यासारखं. काच पिवळी होते म्हणजे काय होतं, फायबरवर कंपनीनं उन्हापासून वाचवणारा एक थर दिलेला असतो, तो दहा-बारा वर्षांत उन्हानं खलास होतो, त्याच्या पापुद्र्यामुळं धुरकट दिसतंय. तो पूर्ण काढायचा, अर्धवट न्हाई.

बाजूच्या रंगाला मास्किंग टेप डबल मारा. पाण्याचा पॉलिश पेपर, ८०० नं सुरू करा जर लई खराब असेल तर, नाहीतर १००० पासून, मग १५००, मग २०००, जमलं तर ३०००. पाणी सतत सोडत राहायचं, पाणी आधी पिवळं येतंय, मग दुधासारखं पांढरं आलं की समजायचं थर निघाला. पेपर बदलला की घासायची दिशा बदला, आडवं, मग उभं, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले का न्हाई ते कळतंय. घाई हितंच होते सगळ्यांची. ८०० चे ओरखडे राहिले तर २००० नं दिवसभर घासलं तरी जात न्हाईत. मग रबिंग कंपाऊंड.

आता खरी गोष्ट, पॉलिश झाल्यावर काच नवी दिसते म्हणून लोक तिथंच थांबतात. थर काढलाय ना तुम्ही, आता ती उघडी आहे, सहा महिन्यात पहिल्यापेक्षा वाईट होणार. वरनं यूव्ही क्लिअर कोट मारायलाच पाहिजे. दोन भाग मिसळून मारायचा टू-के क्लिअर टिकतो जास्त, पण त्याचा वास छातीला वाईट, चांगला मास्क लावून उघड्यावर मारा, पोराबाळांना लांब ठेवा. पाऊस चालू असताना मारू नका, दमट हवेत दुधाळ येतो, कोरडं ऊन पडेल तो दिवस धरा. आणि फायबर पेट्रोलनं किंवा थिनरनं कधी पुसू नका, बारीक बारीक तडे जातात आतपर्यंत, मग काय उपाय न्हाई.

पिवळेपणा आतल्या बाजूनं असेल तर मात्र हे काय कामाचं न्हाई. आणि ओव्हनमध्ये ठेवून हेडलाईट उघडायचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका, परत बंद करताना चिकटपट्टी नीट बसली न्हाई की पावसाळाभर आत पाणी.

हलकर्णीच्या_टीचर:
एक विचारायचं होतं. धुक्यासाठी पिवळा लाईट चांगला का? आंबोलीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत दहा फुटांवरचं दिसत नाही कधी कधी. माझ्या मिस्टरांनी पिवळे फॉग लावायचं ठरवलंय.

वायरमन_पीबीरोड:
मॅडम, पिवळा आरपार जातो असं सगळे म्हणतात, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगानं तिथं फार फरक पडत नाही. निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर डोळ्याला कमी टोचतो एवढं खरं. खरा फरक पडतो तो लाईट किती खाली आहे आणि वरनं किती स्वच्छ कापलेला आहे याचा. धुकं म्हणजे आपल्यासमोर पांढरा पडदा, त्याच्यावर डोळ्याच्या उंचीनं उजेड मारला की तोच परत आपल्या डोळ्यात येतो, म्हणून हाय बीम लावला की आणखी कमी दिसतं. फॉग लाईट बंपरच्या खालच्या बाजूला, तोंड रस्त्याकडं. चोर्ल्याला, आंबोलीला वापरा, धुकं संपलं की बंद करा, ते लांबचं दाखवायला नसतातच.

किणयेवाल्याला पण तेच, गवा बघायला फॉग लाईटचा उपयोग नाही. पावसात रस्ता ओला असला की तुझा उजेड पाण्यावरनं पुढं घसरून जातो, परत तुझ्याकडं येत नाही, म्हणून रस्ता काळा दिसतो, कुठलाही बल्ब घाल. तिथं वेगच कमी करायला पाहिजे. लो बीम बरोबर लावलेला असला तरी पन्नास-साठ मीटरपर्यंतचं दाखवतो. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच २५ मीटर गेले, मग थांबायला तेवढेच अजून, तेही कोरड्या रस्त्यावर. समोर कोण नाही तिथं हाय बीम लाव, जंगलात तो त्यासाठीच आहे, समोर उजेड दिसला की उतरव.

चिकोडी_२३:
काका, भिंतीसमोर बघितलं. रेघ नाहीच. नुसता ढग पडलाय भिंतीवर, अगदी पत्र्यापर्यंत. आणि तुम्ही म्हणालात तसं चिप वर-खाली होत्या, लावणाऱ्यानं कशाही घुसवल्या होत्या. एलईडीची बसवायची कडी, म्हणजे कॉलर, फिरवून तीन-नऊ केलं, रेघ थोडी आली पण तिच्यावर पण बराच उजेड आहेच. भावाला समोर गाडीच्या उंचीला खुर्चीवर बसवून बघितलं, तो म्हणाला अजून टोचतंय. आजच काढून जुना हॅलोजन परत घातलाय. वर्षभर असाच फिरत होतो, मॅडमनी लिहिलेलं डोक्यातनं जात नाही. आता मी पण व्होल्टेज मोजणार, काका तुम्ही तेव्हा दुरुस्तीला किती घेता ते वेगळं कळवा.

किणये_जांबोटी:
मंडळी, उशिरा लिहितोय, दिवाळी होऊन गेली. दोन रविवार गेले कामात आणि क्लिअर कोटसाठी पाऊस जायची वाट बघितली.

माझी गाडी मायनस स्विचिंगचीच निघाली! काकांनी लिहिलं नसतं तर मी खरंच किट परत द्यायला गेलो असतो. कॉमन पिनला जोडल्यावर रिले टक करून वाजला तेव्हा जो आनंद झाला. आता बॅटरीला १३.९ असताना बल्बला १३.५ मिळतंय, दोन्ही बाजूंना सारखं. किट साडेबाराशे, बल्बची जोडी, पेपर, पॉलिश, क्लिअर सगळं मिळून चोवीसशेच्या आत झालं. काच घासायला मात्र मी धरलं होतं त्याच्या तिप्पट वेळ गेला, एकेका बाजूला दीड तास, हात भरून आले, पण निपाणीच्या दादांनी सांगितलं होतं म्हणून १५०० वर घाई केली नाही.

झोत लावायचं काम गावच्या शाळेच्या भिंतीवर केलं, हेडमास्तरांना विचारून. जमीन सपाट पाहिजे म्हणतात पण आमच्याकडं सपाट म्हणजे डोळ्याला सपाट, म्हणून शेजारच्या गवंड्याची लेव्हल बघायची पाण्याची नळी आणली आणि पुढच्या मागच्या चाकाची जागा तपासली, सव्वा इंचाचा फरक निघाला, फळी घालून सारखा केला. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर बाबांना बसवलं. गाडी भिंतीला लावून बल्बच्या मध्याची उंची खडूनं मारली, मग पंचवीस फूट मागं घेतली आणि लो बीमची रेघ त्या खुणेच्या तीन इंच खाली आणली, हेडलाईटच्या मागच्या स्क्रूनं. आधी माझा डावा लाईट खुणेच्या फूटभर खाली आणि उजवा वर होता. म्हणजे डावीकडची कड दिसत नव्हती आणि समोरच्याच्या डोळ्यात मीच मारत होतो, हॅलोजन असूनसुद्धा. मॅडम, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. मागं माणसं बसली की पुढचं तोंड वर होतं म्हणून डॅशबोर्डवरचं झोत खाली करायचं ० ते ३ चं छोटं चाक आता वापरायला लागलोय, आजपर्यंत ते कशाचं आहे तेच माहीत नव्हतं.

ऊस सुरू झालाय. काल रात्री किणयेच्या पुढं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागं एक पण लाईट नाही, ट्रॉलीच्या बाहेर आलेली उसाची वाढी (शेंड्याचा पाला) तेवढी डावीकडं पांढरट दिसली, लो बीमलाच, समोरनं बस येत असताना. निवांत वेग कमी करून मागं राहिलो. आधीच्या लाईटमध्ये ते वाढं मला दिसलं नसतं.

एकच शंका राहिलीय, उजव्या हेडलाईटच्या आत सकाळी थोडं दव दिसतं, दुपारी जातं. काच उघडली नव्हती, मग कुठनं?

वायरमन_पीबीरोड:
मागचा रबर बूट बघ. त्याच्यावर ‘टॉप’ लिहिलेलं असतं ते वर आहे का. बल्ब बदलताना फिरला असेल, खालच्या बाजूला फट पडली की दव धरतंय. बूट काढून दुपारच्या उन्हात दोन तास उघडं ठेव, सुकलं की नीट दाबून बसव, कडेनं सगळीकडं बोट फिरवून. तो ट्रॅक्टरवाला गावातलाच असेल तर लाल रिफ्लेक्टर पट्टी मी देतो, दुकानात पडून आहे, येऊन घेऊन जा.